आपोआप लॉगिन आणि एन्क्रिप्शनचा भ्रम

महोदय,

रोज पासवर्ड टाकायचा कंटाळा म्हणून अनेक जण विंडोजमध्ये आपोआप लॉगिन लावून घेतात आणि ‘डिस्क एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारी) आहे की’ म्हणून निर्धास्त राहतात. बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या सुविधेची किल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये टीपीएम या चिपच्या ताब्यात असते आणि यंत्र सुरू होताच ती आपसूक मिळते. चोराने नुसती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर त्याला काही वाचता येणार नाही. पण अख्खा लॅपटॉपच नेला, तर चोर आणि फायली यांच्यामध्ये उरतो तो केवळ लॉगिनचा पासवर्ड. तोही काढून टाकला असेल, तर बटण दाबले की काम झाले!

सोयच हवी तर विंडोज हॅलो या विंडोजच्याच लॉगिन सुविधेचा पिन किंवा बोटाचा ठसा वापरावा. विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी या सेटिंगमधून, डिस्क उघडण्याआधीच बिटलॉकरचा वेगळा पिन मागण्याची व्यवस्था करता येते. होम आवृत्तीत ती नाही. तिथे आधार, पॅन, बँकेचे कागद व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन प्रोग्रामच्या कंटेनरमध्ये (पासवर्डने उघडणाऱ्या फाइलमध्ये) ठेवावेत आणि स्लीपमध्ये जाताना तो बंद व्हावा, असा पर्याय निवडावा.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की (अडल्यास डिस्क उघडणारा क्रमांक) कागदावर उतरवून ठेवावी, मात्र लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे. बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरता स्थगित केला नाही, तर पुढच्या वेळी संगणक हीच की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल, तर त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, तेही तपासावे.

– एक संगणक तंत्रज्ञ, कोल्हापूर