मशीन मागवू नकोस

कोल्हापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

ऑक्सिजनचं मशीन मागवलं असशील तर आधी ऑर्डर रद्द कर. फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहिते. तपासणी झाली. सध्या मला घरी ऑक्सिजन लागत नाही.

"मग मोरीपर्यंत जाताना धाप का लागते?" म्हणशील. लागते की! चुलीपुढं आणि गुऱ्हाळावर चिपाडाच्या धुरात उमर गेली, फुप्फुसं कुठनं धड राहणार? पण धाप लागणं वेगळं नि रक्तात ऑक्सिजन कमी असणं वेगळं. दवाखान्यात बाकावर माझ्याशेजारी कागलच्या एक मावशी निवांत गप्पा मारत बसलेल्या, त्यांच्या बोटावरचं रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन ८४ टक्के दाखवत होतं. मी धापा टाकत होते नि माझं ९१.

खोकला वाढला होता तेव्हा डॉक्टरांनी हे तपासलंच नाही. दुखणं उतरून काही आठवडे गेले की मगच आकडे खरे, म्हणाले. बोटाच्या क्लिपवरही भागत नाही. मनगटाच्या धमनीतनं रक्त घेतात. नेहमीच्या सुईपेक्षा लई दुखतं बघ. त्यात ऑक्सिजनचा दाब ६२ निघाला; हा पाऱ्याच्या मिलिमीटरमधला आकडा, बोटावरच्या टक्क्यांपेक्षा वेगळा. तो ५५ किंवा त्याखाली असला तर घरी ऑक्सिजन देतात. हृदयावर ताण आला असेल किंवा रक्त घट्ट झालं असेल, तर ५९ पर्यंतही देतात. मग दिवसरात्र मिळून निदान १५ तास नळी नाकात ठेवावी लागते.

नंतर सहा मिनिटं व्हरांड्यात चालवलं. तेव्हा बोटावरचं ९१ वरनं ८६ झालं. तुझ्या बाबांचा चेहरा पडला. पण नुसतं चालताना एवढं उतरलं म्हणून घरी मशीन बसवून आयुष्य वाढत नाही, असं अमेरिकेतल्या २०१६ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलंय म्हणे. इनहेलर ओढायची माझी पद्धत दुरुस्त करून दिली, चालायचा व्यायाम लावला. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

"असू दे घरात, लागलं तर" हे मात्र नको. आमच्यासारख्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. किती लिटर घ्यायचा हे डॉक्टरच ठरवतात, गोळीसारखंच. पुढं लागलाच तर विजेचं बघू. लाइट गेली की मशीन बंद, म्हणजे सिलिंडरही जवळ हवा.

खरी अडचण बाबांच्या बिडीची आहे. माझ्या छातीला तो धूर आजच सोसत नाही आणि घरात ऑक्सिजन आला तर ती काडी पेटवणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी सांगितलं की हसतात. तुझ्या शब्दाला मान देतात, रविवारी फोन करशील तेव्हा जरा कडक बोल.

तुझी,
आई