मंत्रिमहोदय, कारखान्याआधी बियाण्याचं बोला

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा बटाटा उत्पादक. हंगामाआधीच्या बैठकीत आपण शब्द दिला होता, की पठारावर बटाटा प्रक्रिया उद्योग उभा राहील आणि माल बांधावरून उचलला जाईल. त्या भरवशावर मी नेहमीची ज्योती सोडून चिप्सचं वाण लावलं. परवा चिप्सच्या कंपनीच्या माणसाने माझा भरलेला टेम्पो परत पाठवला. कारण काय, तर साखर जास्त, तळल्यावर काप लाल पडतो. त्याच दिवशी आपल्या उद्योगाचा नवा आराखडा जाहीर झाल्याचं वाचलं.

साखर वाढणार नाही तर काय होईल? पाऊस हटला नाही, करपा रोगाने पाला आधीच बसला, बटाटा पोसलाच नाही, आणि कच्च्या बटाट्यात साखर जास्तच राहते. बियाण्याच्या एका कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, दहा-बारा कट्टे गळीत, म्हणजे उतारा, धरलं होतं, सहासुद्धा निघालं नाही. बियाणं पंजाबचं, व्यापारी सांगेल त्या भावाचं. त्यावर खत, औषधं, मजुरी. घरातलं सोनं गहाण आहे, सोसायटीचं कर्ज थकलंय, आणि परत आलेला माल चिंचेखाली अरण लावून, म्हणजे ढीग रचून, झाकलाय. त्यातला रोज थोडा सडतोय. मुलगा म्हणतो, पुढच्या वर्षी चाकणला कंपनीत जातो. त्याला थांब म्हणायला माझ्याकडे तोंड नाही.

नुकसानभरपाई मागायची कुणाकडे? 2025च्या खरीप पीक विम्यात 14 पिकं होती. कांदा होता, बटाटा नव्हता. जे पीक विम्याच्या यादीत बसत नाही, त्याचा उद्योग कुणाच्या जिवावर उभा करताय?

आमचं पीक पावसावरचं. शेजारच्या खेड तालुक्यातलं कळमोडी धरण दर पावसाळ्यात लवकर भरतं, त्याचे फोटो छापून येतात. ते पाणी उचलून पठारावर आणा, एवढंच आम्ही मागत आलोय. कित्येक निवडणुका त्या पाण्यावर लढवल्या गेल्या, पेठ-कुरवंडीच्या रानात मात्र आजही ढगाकडेच बघावं लागतं. आमचा माल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, नेमका तेव्हाच उत्तरेतल्या शीतगृहांतला बटाटा बाजारात उतरतो. भाव तिथेच पडतो. हमाली, तोलाई मात्र कमी होत नाही.

जून 2025 मध्ये केंद्र सरकारने आग्र्याजवळ बटाट्याच्या बियाण्यावर, वाणांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या शाखेला 111 कोटी 50 लाख मंजूर केले. आग्र्याच्या शेतकऱ्याचं भलं होवो. पण आपल्या राज्याने पठारासाठी रोगमुक्त बियाण्याची काय सोय केली, ते सांगा. उद्योग म्हटला की तुम्हा सगळ्यांना शेड दिसते, यंत्र दिसतं, अनुदान दिसतं. शेतकरी फक्त करारावर सही करताना दिसतो. 2019 साली गुजरातच्या चार शेतकऱ्यांवर एका बड्या कंपनीने, कंपनीचं नोंदणीकृत वाण परवानगीशिवाय लावलं म्हणून, प्रत्येकी कोटीच्या वर दावा लावला होता. ओरड झाली म्हणून मागे घेतला. आमच्या अंगावर असं आलं, तर शासन कुणाच्या बाजूने उभं राहणार?

उद्योगाला माझा विरोध नाही. आधी खात्रीचं बियाणं योग्य भावात द्या, बटाट्याला विमा द्या, कळमोडीच्या पाण्याची तारीख लेखी सांगा. करारात माल नाकारायचे नियम मराठीत लिहा, आणि नाकारलेला माल किमान किती भावाने कोण घेणार, तेही त्यातच लिहा. हे कागदावर येईपर्यंत पठारावर भूमिपूजनाला येऊ नका.

आपला,
सातगाव पठारावरचा एक बटाटा उत्पादक