मामा, मासा लाल झाला!

मामा, सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्या प्रोजेक्टच्या आभाराच्या पानावर तुम्हाला ‘प्रयोगशाळेतील कर्मचारीवृंद’ एवढ्यातच बसवलं. छापून आल्यावर फार खटकलं.

पहिली सहा चिलापीची पिल्लं आठवतात? जेमतेम बोटाएवढी. अख्ख्या माशाचा सांगाडा रंगवून दाखवायची, डिंगेरकस आणि उलर या संशोधकांची 1977 सालची कृती मी घोकून ठेवली होती: अल्शियन ब्लूने कूर्चा निळी, प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनने मांस पारदर्शक, अलिझरिन रेडने हाडं लाल. निळा छान उठला, लाल मात्र चढेचना. मी अलिझरिनची नवी बाटली मागवायला निघाले होते. तुम्ही रंगाकडे पाहिलंही नाहीत. म्हणालात, “मासे टिकवायला फॉर्मॅलिन कुठल्या बाटलीतलं घेतलंस?”

कपाटाच्या तळाशी होती ती. निळा लिटमस बुडवला आणि लालभडक! फॉर्मॅलिन जुनं झालं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, ते हाडांतलं कॅल्शियम खातं, आणि अलिझरिन धरतं ते कॅल्शियमलाच. म्हणजे रंगाची पाळी येण्याआधीच मी हाडं घालवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फरशीवाल्याकडून संगमरवराच्या चिपा आणल्यात, धुतल्यात आणि नव्या बाटलीत टाकल्यात. खडू टाकला तर, असं मी विचारलं. “हल्लीचे खडू जिप्समचे गं, त्याने आम्ल मरत नाही.” एमएस्सी मी करत होते!

अल्शियन ब्लूच्या द्रावणातही 100 मिलीला 20 मिली ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड असतं, म्हणून लहान मासे त्यात रेंगाळू द्यायचे नाहीत, हेही तुमचंच. ट्रिप्सिनच्या वेळी तर मे महिना होता. दुसऱ्या खेपेचे दोन मासे उकाड्याने हातात घेताच सुटले, कल्ल्यांचा चिखल झाला. “पुस्तकात दिवस लिहिलेत, उकाडा लिहिलेला नाही,” असं म्हणून तुम्ही रविवारी सकाळी स्वतः कुलूप उघडलंत. बाटली खिडकीशी धरायची, मणके मोजता आले की मासा बाहेर. घड्याळ बघायचं नाही.

चौथा मासा तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात तो क्षण मी विसरणार नाही. काचेसारखं अंग, त्यात जांभळट लाल काटा, आणि घशात दुसरा जबडा: छोटी त्रिकोणी पट्टी, वर बारीक दातांची दाटी. तुम्ही बराच वेळ डोळा काढला नाहीत. मग म्हणालात, “इतकी वर्षं घरी चिलापी साफ करतोय, डोकं सरळ मांजराला टाकत होतो.”

आता सगळे ग्लिसरीनमध्ये आहेत. बुरशी लागू नये म्हणून थायमॉलचा खडा टाकलाय, त्यामुळे झाकण उघडलं की ओव्याचा वास येतो. मॅडम म्हणतात प्रयोगशाळेत कुणीतरी पुऱ्या तळतंय.

एक बाटली तुमच्या नातीसाठी वेगळी ठेवलीय, खिडकीजवळच्या फळीवर, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. एसटीत आडवी ठेवू नका, ग्लिसरीन झिरपतं.

तुमची,
चिलापीवाली