'पहिल्या महिला' यावरच थांबू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पश्चिम आफ्रिकेची बातमी आपल्या पेपरांत येते कधी, तर लष्करी बंड झालं किंवा शाळेतली मुलं पळवून नेली की. तिथल्या कोर्टांत काय चालतं याची ओळसुद्धा नसते, आणि एखाद्या महिला न्यायाधीशांचं नाव आलंच तर 'पहिल्या महिला' असं लिहिलं की विषय संपला. म्हणून नायजेरियाच्या माजी सरन्यायाधीश अलोमा मरियम मुख्तार यांच्याबद्दल लिहितेय.

पहिलेपणाची यादी त्यांचीही मोठीच आहे, ती सांगून टाकते. जन्म 1944 चा, घराणं उत्तर नायजेरियातल्या कानोचं. शिक्षण तिकडच्याच झारिया शहरात आणि मग इंग्लंडमध्ये. 1967 मध्ये नायजेरियात वकिलीची सनद घेतली तेव्हा देशाच्या उत्तर भागातल्या त्या पहिल्याच महिला वकील. 1971 मध्ये मॅजिस्ट्रेट, 1977 मध्ये कानो हायकोर्टात न्यायाधीश, 1987 ला अपील कोर्ट, 2005 ला सुप्रीम कोर्ट, 2012 ला सरन्यायाधीश, आणि हायकोर्टापासून पुढे प्रत्येक ठिकाणी पहिल्या महिला त्याच.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते 12 डिसेंबर 2008 च्या निकालात. 2007 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत उमारू यार'अदुआ विजयी घोषित झाले, हरलेले उमेदवार मुहम्मदू बुहारी कोर्टात गेले. मुद्दा अगदी साधा होता, मतपत्रिकांवर अनुक्रमांक हवा असं कायदाच सांगत होता आणि छापलेल्या मतपत्रिकांवर तो नव्हताच. सात न्यायाधीशांपैकी चौघं म्हणाले निवडणूक वैध, तिघं म्हणाले रद्द करा, आणि त्या तिघांत मुख्तारबाई होत्या. राष्ट्राध्यक्ष खुर्चीत बसून दीड वर्ष झालेलं असताना ती निवडणूकच बेकायदा होती असं निकालपत्रात सही करून लिहायचं, आणि पुन्हा त्याच कोर्टात रोज कामाला यायचं, याला काय लागत असेल याचा विचार करा ना. निकाल बदलला नाही हे खरं, पण तिघांचं म्हणणं कायम नोंदलं गेलं.

सरन्यायाधीश झाल्यावर त्यांनी आधी घरचाच केर काढायला घेतला. न्यायाधीशांवर कारवाई करणाऱ्या राष्ट्रीय न्याय परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. निवडणूक लवादावरचे एक न्यायाधीश एका बाजूच्या वकिलाशी सतत फोन आणि एसेमेसवर बोलत होते, तर परिषदेने 2013 मध्ये त्यांना निलंबित करून सक्तीच्या निवृत्तीची शिफारस केली. आपल्याच व्यवसायबंधूंवर हात टाकणं सोपं नसतं हो.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती लपवणं बरोबर नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये अपील कोर्टाच्या नव्या न्यायाधीशांचा शपथविधी होता, त्यात इफेओमा जोंबो-ओफो यांना मुख्तारबाईंनी शपथच दिली नाही. कारण काय, तर त्या मूळच्या अनाम्ब्रा राज्याच्या, आणि नेमणूक झाली होती नवऱ्याच्या आबिया राज्याच्या वाट्यातून. तिथे अशा जागा राज्यवार वाटतात. म्हणजे लग्न झालेली बाई माहेरच्या राज्याचीही नाही आणि सासरच्याही नाही, आणि हे एका बाईच्याच हातून घडावं, याचं मला खरंच वाईट वाटलं. सिनेटमध्ये आवाज उठला, परिषदेने फेरविचार केला आणि त्याच महिन्यात जोंबो-ओफो यांना शपथ मिळाली. चूक लवकर दुरुस्त झाली, पण झाली होती.

नोव्हेंबर 2014 मध्ये सत्तर वर्षं पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे त्या निवृत्त झाल्या. त्या पदावर दुसरी महिला, कुदिरत केकेरे-एकुन, यायला 2024 साल उजाडलं.

रविवारच्या पुरवणीत एक पान अशा लोकांना द्या एवढीच विनंती, आणि त्यात त्यांचे निकाल काय होते ते लिहा, वाद झाले असतील तर तेही लिहा.

आपली,
एक नियमित वाचक