शेवटचा दिवस, मॉरिशसहून

ती. आई-बाबांस,
सा. न.

विमानतळावर बसून लिहितेय. इथे आत्ता कुठे आठ वाजलेत, म्हणजे तुमच्याकडे साडेनऊ. फोनच करणार होते, पण बाबा झोपले असतील.

शेवटचा दिवस म्हणजे धड सुट्टी नाही, धड प्रवास नाही. खोली अकराला सोडायची आणि विमान रात्रीचं. सकाळी सहालाच एकदा समुद्रावर जाऊन आले. फ्लिक-आं-फ्लाकला किनाऱ्यालगत सुरूचं बन आहे, थेट आपल्या कोकणातल्यासारखं. लाटा मात्र लांब प्रवाळाच्या कड्यावरच फुटतात, अलीकडचं पाणी अगदी गप्प. बाबा म्हणाले असते, "हा समुद्र की तळं?" ओले कपडे तसेच पिशवीत कोंबलेत. आई, घरी आल्यावर बोल काय ते.

टॅक्सीवाल्यानं आमचं बोलणं ऐकलं आणि आरशात बघत म्हणाला, "आमी पण मराठी." पणजोबा रत्नागिरीकडचे. इथे उतरल्यावर कागदावर त्यांचं नुसतं नाव लिहिलं गेलं, तेच आज याचं आडनाव! घरात सगळे इथली क्रिओल भाषा बोलतात, पण गणपतीत आरत्या मराठीच, आणि झाकरीही. झाकरी म्हणजे आपला कोकणातला जाखडी नाच गं! चतुर्थीला इथे चक्क सरकारी सुट्टी असते.

त्यानंच पोर्ट लुईला, म्हणजे इथल्या राजधानीत, आप्रवासी घाट नावाच्या जुन्या धक्क्यावर नेलं. 1834 ते 1920 या काळात मजुरीच्या करारावर सुमारे पाच लाख माणसं इथे उतरली. काळ्या दगडाच्या 16 पायऱ्या, मी मोजल्या. तो आत आला नाही. म्हणाला, "मी 2 नोव्हेंबरला येतो, फुलं घेऊन." त्या मजुरांच्या आठवणीचा तो दिवस. समुद्र बघायचा म्हणून हे ठिकाण शेवटच्या दिवसावर ढकललं होतं, त्याची जरा लाजच वाटली.

मग गाडीवर दालपुरी खाल्ली. जोडीनंच देतात, आत डाळीचं सारण, वर घेवड्याच्या दाण्यांची रस्सा भाजी आणि टोमॅटोची चटणी. आई, पुरणपोळीत गूळ घालायला विसरलीस तर जशी लागेल ना, तश्शी. तरी मी चार खाल्ल्या. तुझ्यासाठी बांधून घेणार होते, पण टिकली नसती. व्हॅनिलाचा चहा घेतलाय. बाबा नाक मुरडतील, मला माहितेय.

बाबा, सगळं सपाट आहे हो इथे किनाऱ्याला, गुडघ्याला काही त्रास नाही. कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये तुमचा पासपोर्ट आहे, त्याची मुदत तेवढी बघून ठेवा.

तुमची,
ताई