डिस्क इमेज हाती आली, फाइल अजून आलेली नाही

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत जुन्या फ्लॉपींविषयी आलेला लेख वाचला. फ्लॉपीची इमेज करून ठेवली की आतला ऐवज कायमचा वाचला, असा त्याचा एकंदर सूर आहे. ते निम्मेच खरे आहे. इमेज म्हणजे फ्लॉपीवरच्या सेक्टरांची, म्हणजे ठरावीक आकाराच्या कप्प्यांची, ओळीने उतरवलेली नक्कल. त्यातली कोणती फाइल कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे आजच्या विंडोजला कळत नाही. इमेज उघडत नाही म्हटल्यावर 'फ्लॉपीच खराब होती' असा निष्कर्ष निघतो आणि धडधाकट इमेज पुसली जाते.

सोयीसाठी एकच यंत्र घेऊ : बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ च्या अखेरीस बाजारात आणले आणि १९८४ मध्ये आपल्याकडे शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला तो याच यंत्रावर. एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात सव्वापाच इंची फ्लॉपींचा डबा निघाला, तर पहिला संशय याच यंत्राचा घ्यावा.

आधी वाचण्याबद्दल थोडे. बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे कामाचा नाही. तो साडेतीन इंची असतो आणि बीबीसीची एकेरी घनतेची, म्हणजे जुन्या विरळ पद्धतीची, नोंद त्याला वाचता येत नाही. जुन्या पीसीला सव्वापाच इंची ड्राइव्ह जोडला तरी बहुतेक मदरबोर्डांवरचा कंट्रोलर ही नोंद वाचत नाही. खरा सव्वापाच इंची ड्राइव्ह, ३४ पिनांची पट्टीवायर आणि ग्रीसवीझलसारखे चुंबकीय स्पंदनेच टिपणारे कार्ड, एवढे लागते. ट्रॅक म्हणजे तबकडीवरचे गोल पट्टे. फ्लॉपी ४० ट्रॅकची आणि ड्राइव्ह ८० ट्रॅकचा असेल, तर वाचणारा हेड प्रत्येक वेळी दोन पावले सरकेल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करावी. नाहीतर एकेक ट्रॅक दोनदा येतो किंवा मधले ट्रॅक चुकीचे म्हणून बाद होतात.

ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी कडेची चौकोनी खाच झाकावी. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणे बंद होते. साडेतीन इंचीत नेमके उलटे, तिथे भोक उघडे असले की लिहिणे बंद. पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, कारण काही ड्राइव्हांत खाच प्रकाशाने तपासली जाते आणि पट्टी त्यांना दिसतच नाही. कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या फ्लॉपीवर बुरशीचे पांढुरके ठिपके असणारच असे धरून चालावे. अशी फ्लॉपी तशीच फिरवली तर हेड बरबटतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे काढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला कापसाचा बोळा खिडकीतून फिरवावा, तबकडी हाताने थोडी थोडी वळवावी, पूर्ण वाळू द्यावी. फिरताना कर्कश आवाज आला तर ताबडतोब थांबावे. तो आवाज तबकडीवरचा चुंबकीय लेप सुटत असल्याचा असतो.

आता मुख्य काम. डीएफएस ही डिस्कवर फाइली मांडण्याची एकॉर्नची पद्धत. तिच्यात एका ट्रॅकवर २५६ बाइटांचे १० सेक्टर असतात. म्हणजे ४० ट्रॅकची एका बाजूची इमेज १,०२,४०० बाइट आणि ८० ट्रॅकची २,०४,८०० बाइट भरते. तिला सहसा .एसएसडी म्हणतात. आकार यापेक्षा कमी दिसला म्हणून घाबरू नये. शेवटचे रिकामे सेक्टर गाळून टाकण्याची सवय अनेक साधनांना आहे.

फाइलींची सूची पहिल्या दोन सेक्टरांत असते. सेक्टर ० मध्ये आधी डिस्कच्या नावाची आठ अक्षरे, मग प्रत्येक फाइलसाठी आठ बाइट : सात नावाचे, एक डिरेक्टरीच्या अक्षराचा. त्या अक्षराच्या बाइटमधली सर्वांत वरची बिट (बाइटमधल्या आठ ०-१ आकड्यांपैकी पहिली) १ असेल तर फाइल कुलूपबंद आहे. सेक्टर १ मध्ये त्याच क्रमाने फाइलींचे पत्ते असतात. एकूण ३१ फाइली, त्यापलीकडे जागा नाही. फाइली सलग असतात, तुकड्यांत नाही, आणि ही मोठीच सोय आहे.

सेक्टर १ मधली एक नोंद हेक्स, म्हणजे सोळा अंकी पद्धतीच्या (० ते ९, मग ए ते एफ), आकड्यांत अशी दिसते असे धरू : ०० १९ २३ ८० २सी ०ए सीडी २ई. पहिली जोडी उलटी वाचायची : १९००, म्हणजे फाइल स्मृतीत जिथे चढवायची तो पत्ता. दुसरी जोडी ८०२३, चालवण्याचा पत्ता. या दोन आकड्यांवरून जाणकार लगेच ओळखतो की ही बेसिक या भाषेतली प्रोग्रॅम-फाइल आहे. तिसरी जोडी ०ए२सी, म्हणजे लांबी २,६०४ बाइट. शेवटच्या बाइटवरून सुरुवातीचा सेक्टर २ई, म्हणजे ४६, असे वाटेल. घात इथेच होतो. सातव्या बाइटमध्ये, सीडी मध्ये, चारही आकड्यांच्या वरच्या बिटा कोंबलेल्या आहेत, दोन-दोन करून : ११ ००, ११ ०१. डावीकडून चालवण्याच्या पत्त्याच्या, लांबीच्या, चढवण्याच्या पत्त्याच्या आणि शेवटी सुरुवातीच्या सेक्टरच्या. तो शेवटचा ०१ धरला की सेक्टर १२ई होतो, म्हणजे ३०२. इमेजमध्ये ३०२ गुणिले २५६, म्हणजे ७७,३१२ व्या बाइटपासून २,६०४ बाइट कापून घ्यायचे. वरच्या बिटा विसरलेली घरगुती स्क्रिप्ट ११,७७६ वर जाते आणि दुसऱ्याच फाइलचे पोट कापून आणते. डिस्कच्या पहिल्या भागातल्या फाइली बरोबर निघतात आणि २५५ व्या सेक्टरपुढच्या सगळ्या बिघडतात, असे दिसले तर फ्लॉपीला दोष देऊ नये.

दोन बाजूंच्या .डीएसडी इमेजमध्ये आणखी एक गोम आहे. तिथे एका बाजूचा ट्रॅक, मग दुसऱ्या बाजूचा तोच ट्रॅक, अशी आळीपाळीने मांडणी असते. वरचीच फाइल तिथे पहिल्या बाजूवर असेल तर ३० व्या ट्रॅकवर २ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होते, म्हणजे १,५४,११२ व्या बाइटपासून. ट्रॅक संपेपर्यंत आठ सेक्टर, २,०४८ बाइट घ्यायचे. मग दुसऱ्या बाजूचे २,५६० बाइट ओलांडून उरलेले ५५६ घ्यायचे. सरळ कापली तर प्रोग्रॅम बराच वेळ व्यवस्थित वाचता येतो आणि मध्येच भलतेच काही सुरू होते. दुसऱ्या बाजूची सूचीही स्वतंत्र असते. बीबीसीवर ती ड्राइव्ह २ म्हणून दिसते, आणि ती पाहायचीच राहून जाते.

हे सगळे हाताने करायची गरज नाही. 'डिस्क इमेज मॅनेजर' हा मोफत प्रोग्रॅम किंवा बीबएम हा एम्युलेटर (जुन्या यंत्राची आजच्या संगणकावर नक्कल करणारा प्रोग्रॅम) हेच काम करून देतो. पण निकाल बरोबर आहे का, हे ताडून पाहण्यासाठी एक तरी नोंद हाताने सोडवलेली असावी. सूचीत ३१ पेक्षा जास्त फाइली असायला हव्या होत्या असे वाटले, तर सेक्टर २ पाहावा : त्याची सुरुवात सलग आठ 'एए' बाइटांनी होत असेल तर ती वॉटफर्ड या दुसऱ्या कंपनीची डीएफएस आहे आणि दुसरी सूची सेक्टर २ व ३ मध्ये आहे. ५१३ व्या बाइटपासून इंग्रजीत 'ह्यूगो' हे चार अक्षरी नाव दिसले तर ती एडीएफएस, एकॉर्नचीच दुसरी मांडणी. तिचे गणितच वेगळे.

फाइल काढताना तिच्यासोबत .आयएनएफ ही छोटी मजकूर-फाइल जरूर बनवावी. नाव, दोन्ही पत्ते आणि लांबी तिच्यात राहते. ती नसेल तर यंत्रभाषेतला प्रोग्रॅम पुन्हा कुठे चढवायचा हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय डीएफएसच्या नावांत प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ असली अक्षरे चालतात. विंडोज ती घेत नाही, साधन ती बदलून टाकते, आणि मूळ नाव फक्त .आयएनएफमध्ये उरते.

एवढ्यानेही वाचण्याजोगा मजकूर हाती येत नाही. बेसिकचे प्रोग्रॅम अक्षरांत साठवलेले नसतात. प्रत्येक आज्ञेसाठी एक बाइट असतो, 'प्रिंट'साठी एफ१. नोटपॅडमध्ये उघडले तर कचराच दिसणार. सोपा उपाय असा : एम्युलेटरमध्ये प्रोग्रॅम चढवावा, 'लिस्टओ ०' आणि 'विड्थ ०' द्यावे, मग पडद्यावरचा मजकूर फाइलीत उतरवणाऱ्या तारांकित 'स्पूल' आज्ञेने फाइल उघडून 'लिस्ट' करावे आणि पुन्हा नुसते 'स्पूल' देऊन ती बंद करावी. ही फाइल दुसऱ्या ड्राइव्हमधल्या कोऱ्या इमेजवर घ्यावी. डीएफएस नव्या फाइलसाठी आधीच ६४ सेक्टर अडवते आणि भरलेल्या डिस्कवर काम अडते; शिवाय मूळ इमेजवर काही लिहिणे म्हणजे सगळ्या खटपटीवर पाणी. स्पूलमधून आलेल्या मजकुरात ओळ संपल्याची खूण ०ए ०डी अशी, नेहमीच्या उलट क्रमाने येते. त्यामुळे काही एडिटरांत ओळीआड रिकामी ओळ दिसते; ती दुरुस्त करून घ्यावी.

शाळांच्या दृष्टीने खरा ऐवज असतो गुणपत्रकांसारख्या माहितीच्या फाइलींत. बेसिकच्या 'प्रिंट हॅश' आज्ञेने लिहिलेल्या फाइलीत शब्द उलटे साठवले जातात : आधी ०० हा बाइट, मग लांबी, मग शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. इंग्रजीतले 'पुणे' तिथे ई-एन-यू-पी असे दिसेल. पूर्णांकापुढे ४० आणि चार बाइट, अपूर्णांकापुढे एफएफ आणि पाच बाइट. हे माहीत नसलेला माणूस ती फाइल बिघडलेली समजून टाकून देतो. देवनागरी अक्षरे 'व्हीडीयू २३' या अक्षराचा आकार ठरवणाऱ्या आज्ञेने आठ-आठ ठिपक्यांच्या चौकटीत घडवलेली असतील, तर मजकुराच्या फाइलीत फक्त २२४ पासूनचे आकडे असतात. अक्षरांचे आकार दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये. दोन्ही फाइली सोबत ठेवल्या तरच ते मराठी वाचता येईल.

पुसलेल्या फाइलीही पुष्कळदा मिळतात. डीएफएस पुसताना फक्त सूचीतली नोंद काढते. 'कॉम्पॅक्ट' आज्ञा दिलेली नसेल आणि त्या जागेवर नवे काही लिहिले नसेल, तर मजकूर जागच्या जागी असतो. सूचीतल्या दोन फाइलींमध्ये मोकळी सुटलेली सेक्टरे मुद्दाम उघडून पाहावीत. एवढ्या एका कारणासाठी तरी, फाइली काढून झाल्यावरही इमेज टाकू नये.

शेवटची विनंती मुख्याध्यापकांना. जडसंग्रह नोंदवहीतून संगणक साहित्याचे निर्लेखन करताना फ्लॉपींचा डबा त्याच ढिगात भंगारवाल्याकडे जातो. तो आधी बाजूला काढावा आणि प्रत्येक फ्लॉपीच्या लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा. हा फोटो साफसफाईच्या आधी घ्यावा, कारण अल्कोहोलचा थेंब लेबलवर पडला की पेनाची शाई पसरते.

आपला,
एक वाचक, ठाणे