आईचं नाक, बाबांचं हृदय आणि फ्रिजवरच्या दोन बाटल्या

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर तू सहज म्हणालीस की फोडणीत हिंग पडलाय की नाही हे हल्ली वासावरून कळत नाही, आणि लगेच कूलरच्या पंपावर आलीस. बाबांनी विचारलं की रेड वाईन हृदयाला चांगली असते म्हणतात, तर रोज थोडी घेऊ का. दोन्ही गोष्टी फोनवर उरकण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहायला बसले. दिवसा हॉस्पिटलचा कारभार बघायचा आणि सुट्टीत वाईनचे वास ओळखत बसायचं, याचा मेळ कसा बसतो असं तुम्ही नेहमी विचारता. या वेळी तो आईच्या नाकापाशीच बसतोय.

आधी आईचं. ‘वय झालं’ म्हणून हे सोडून देऊ नकोस. पासष्ट ते ऐंशीच्या वयात निम्म्याहून अधिक लोकांचं घ्राण कमी झालेलं असतं हे खरं, पण त्यामागे कधी नाकातली सूज असते, कधी मांसवाढ, कधी जुना सर्दीताप किंवा कोविड, तर कधी एखादी गोळी. यातल्या काहींवर सरळ उपचार आहेत.

घरी एक साधी तपासणी कर. नाक चिमटीत घट्ट धर आणि चिमूटभर बडीशेप चाव. फक्त गोडसर लागेल. चावता चावता नाक सोड. घशामागून वास वर चढला आणि ‘ही बडीशेप’ असं एकदम कळलं, तर वाट मोकळी आहे. फरक पुसट वाटला किंवा वाटलाच नाही, तर तसं लिहून ठेव. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं, बाकी सगळी ‘चव’ नाकाची. तिखट ही तर चवच नाही, ती आग आहे आणि ती वेगळ्या नसेतून कळते. म्हणूनच घ्राण गेलेल्या माणसाला सावजी रश्शाचा झणका लागतो, पण त्यातले दगडफूल, जायपत्री, खसखस लागत नाहीत. मग हात आपोआप मिठाकडे आणि तिखटाकडे वळतो. तुमच्या दोघांच्या बीपीला हे बरं नाही. आजपासून मीठ चमच्याने मोजून घाल, चाखून ठरवू नकोस. भाजी खारट झाली असं बाबा म्हणाले तर त्यांचं ऐक.

आता डॉक्टर. नागपुरातच रामदासपेठ किंवा धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. ओपीडीत एका पेशंटला आठ-दहा मिनिटं मिळतात. ‘वास कमी येतो’ एवढंच सांगितलं तर केसपेपरवर ‘सर्दी’ लिहिलं जातं आणि आठवड्याच्या गोळ्या देऊन तुझी बोळवण होते. यात डॉक्टरांचा आळस नसतो, माहितीच अर्धी पोचलेली असते. म्हणून कागदावर एवढं लिहून ने: कधीपासून, एकदम की हळूहळू, एका नाकपुडीत की दोन्हीत, त्याआधी ताप, पडणं किंवा डोक्याला मार लागला होता का. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाक. नाकात दुर्बिणीने बघाल का, असं स्वतःहून विचार. हात थरथरणं, चाल मंदावणं, झोपेत जोरजोरात हातपाय झाडणं असं काही असेल तर तेही सांग, कारण घ्राण जाणं हे काही वेळा पार्किन्सनचं फार आधीचं लक्षण असतं. बहुतेकदा तसं नसतं, पण सांगायचं डॉक्टरांना आणि ठरवायचं त्यांनी.

डॉक्टरांनी मांसवाढ वगैरे नाही म्हटलं की नाकाची तालीम सुरू कर. ही जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे घ्राण-संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, किमान १२ आठवडे. वासाच्या पेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात, त्यांना रोज काम दिलं तर सुधारणेची शक्यता वाढते. हमखास गुण येईल असं मी म्हणणार नाही, पण खर्च थोडा आहे आणि अपाय जवळजवळ नाही.

तपकिरी काचेच्या, रुंद तोंडाच्या, एकसारख्या चार बाटल्या घ्या. प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर तेलाचे आठ-दहा थेंब. लवंगेचं आणि निलगिरीचं तेल इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल. गुलाबाला गुलाबजल चालणार नाही, त्याचा वास फार कोता, अर्कच हवा. लवंगेचं तेल कातडीला लागू देऊ नकोस, चरचरतं. नागपूरच्या मे महिन्यात तेल भराभर उडतं, म्हणून झाकण घट्ट, बाटल्या बंद कपाटात, आणि उन्हाळाभर दर महिन्याला बोळा बदलायचा. नाहीतर बाटली विझलेली असते आणि आपल्याला वाटतं नाकच गेलं.

हुंगण्याची पद्धत मात्र वाईनवाल्यांकडून घे. लांब श्वास ओढायचा नाही, ओढला की वास एका दमात येतो आणि नाक थकतं. बाटली नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून सशासारखे छोटे छोटे श्वास घ्यायचे, पंधरा-वीस सेकंद. मग अर्धा मिनिट थांब आणि स्वतःच्या कोपराच्या खोबणीचा वास घे, तो सवयीचा असल्याने नाक पुन्हा कोरं होतं. मनात नाव घे आणि तो वास कुठे भेटला होता ते आठव. लवंग म्हटलं की मसालेभात, दातदुखी, काहीही. नुसतं हुंगून बाटली खाली ठेवली तर तालीम अर्धीच होते. हे जेवणाआधी करायचं, अगरबत्ती विझलेली असताना, आणि कूलरपासून लांबच्या खोलीत. वाळ्याच्या ताट्यांचा वास सगळ्या बाटल्यांवर चढून बसतो.

बाबा, तुमचं काम इथे आहे. चिठ्ठ्या बाटल्यांच्या बुडाला चिकटवा, रोज क्रम बदला आणि आईला डोळे मिटायला लावून बाटली हातात द्या. डोळे नाकाला सहज फसवतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्रान्समधल्या बोर्दोचा एक प्रयोग आहे: वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग मिसळून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. रोज नाक चालवणाऱ्यांची ही गत, तर चिठ्ठी वाचून ‘आला बाई वास’ असं वाटणं साहजिक आहे. शून्य ते दहा गुण कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवा.

लोक हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडतात, कारण फरक दिसत नाही. दिसायला वेळ लागतोच. मध्येच ओळखीचे वास जळकट किंवा विचित्र येऊ लागले तर घाबरू नकोस, नसा नव्याने जुळताना असं होतं, डॉक्टरांना कळव आणि चालू ठेव. १२ आठवडे झाले की चार वास बदल: संत्र्याची साल, जायफळ, वेलदोडा, कॉफी.

तोवर गॅसचं बघा. सिलिंडरच्या गॅसला मूळचा वास नसतो, त्यात मर्केप्टन मिसळतात ते नाकाला कळावं म्हणून, आणि तेच नाक सध्या रजेवर आहे. रात्री रेग्युलेटर बंद करायचाच. गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या, पण जमिनीपासून फूटभर उंचीवर, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. मिस्त्री सवयीने वर भिंतीवर लावायला जाईल, लावू देऊ नका. रबरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. फ्रिजमधल्या दूध-भाजीच्या डब्यांवर तारखा टाका.

आता बाबांचं हृदय. बाबा, वाईन माझ्या जिव्हाळ्याची आहे, तरीही उत्तर ‘नाही’ असंच आहे. १५० मिलिलीटरच्या एका ग्लासात, १३ टक्क्यांच्या हिशेबाने, १५ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं, आणि ते देशी दारूतलं असतं तेच. आई तिला दारू म्हणते ते बरोबर आहे. हृदयाची गोष्ट १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवरून गाजली: फ्रेंच लोक लोणी-चीज खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, म्हणजे रेड वाईनचा गुण. पुढे त्या प्रकारच्या अभ्यासांतली खोट कळली. ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे सोडलेलेही होते, मग पिणारे तब्येतीने सरस दिसणारच. रेड वाईनमधल्या ज्या रेस्व्हेराट्रॉल नावाच्या द्रव्याचं कौतुक होतं ते लिटरभर वाईनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. अल्कोहोल १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्यांत, आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही असं स्पष्ट म्हटलं. शिवाय तुमची साखरेची गोळी आणि रात्रीचं इन्सुलिन. दारूने यकृत साखर सोडायला कुचराई करतं, साखर पहाटे उतरते, आणि झोपेत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून ग्लासात ५० मिलिलीटर ओता आणि हुंगा. आईबरोबर तुम्हीही. चव बघणारे व्यावसायिक लोक थुंकूनच टाकतात, त्यात कमीपणा नाही.

फ्रिजवर ठेवलेल्या नाशिकच्या दोन बाटल्या मात्र आजच हलवा. फ्रिजची ऊब मागून वर येते आणि घर आधीच चाळीस अंशांना टेकलेलं. वाईनला १२ ते १४ अंश मानवतात. उष्णतेने आतला द्रव फुगून बूच वर ढकलतो, हवा शिरते आणि वास शिजवलेल्या मनुकांचा होतो. बाटल्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा. रेड वाईन ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची, आपल्या त्रिमूर्तीनगरची नव्हे. हुंगायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढली की पुरे. गरम दिली तर नाकात नुसती स्पिरीटची धग जाते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलंय. व्हिनेगरचा आला तर जिवाणूंनी आंबवलंय, आणि तो रोग कुठून येतो ते शोधणारे लुई पाश्चर. वाईन ५०-६० अंशांना तापवून टिकवायची युक्ती त्यांनी १८६० च्या दशकात काढली, दुधाला ती नंतर लागली. त्यांचं काम वाचूनच ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमा कार्बोलिक ॲसिडने बांधायला सुरुवात केली. आमच्या ऑपरेशन थिएटरचं निर्जंतुकीकरण तिथून निघालंय, आणि मला हे दोन्ही विषय एकाच घरचे वाटतात ते यासाठी.

बाबा, न उघडलेलं इन्सुलिन मधल्या कप्प्यात, दारात नको आणि फ्रीजरला चिकटून तर अजिबात नको. एकदा गोठलं तर वितळल्यावरही टाकूनच द्या. चालू पेन साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत राहायला हवं, म्हणजे तुमच्याकडे जूनअखेरपर्यंत तेही फ्रिजमध्येच. टोचायच्या आधी थोडा वेळ बाहेर, आणि सुई काढून ठेवा.

वाईनची एक बाटली मावशीकडे द्यायचं म्हणत होतात. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गाडीत घेऊन जाऊ नका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, नंतर मोरीत ओता.

आई, पहिल्या आठवड्याचे गुण रविवारी फोनवर सांग. शून्य असेल तर शून्यच सांग.

तुमची,
छोटी